एकोणीस वेळा एक: जंगलातल्या शाळेत मोठी मूळ संख्या कशाला?



एक कागद घ्या आणि त्यावर ओळीने एकोणीस वेळा १ हा अंक लिहा. मोजायला सोपं जावं म्हणून पाच-पाचचे गट करू:

१११११ १११११ १११११ ११११

ही एकोणीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर कुठल्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. दिसायला पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरवल्यासारखी; पण तिच्या पोटात काय आहे ते शोधायला मोठमोठ्यांना घाम फुटला होता.

एकोणीस अंक आपल्याला तसे नवीन नाहीत. सरल पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा आयडी एकोणीस अंकीच असतो. तो एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की काय होतं, हे माहिती भरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. शेवटचे चार अंक शून्य होऊन बसतात, कारण एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच सांभाळतं. आपली ही संख्या तिथे टाकून बघा. पंधरा एक आणि पुढे चार शून्यं दिसतील. शेवटी शून्य आलं म्हणजे २ ने भाग गेला, ५ ने गेला, १० ने गेला! कुणालाच भाग न देणारी संख्या यंत्राने क्षणात दहाच्या पाढ्यात बसवली. आणि गंमत अशी की यंत्र चुकलं हे पाचवीतलं मूल एकक स्थानाकडे नुसतं बघून सांगू शकतं.

माझं मत सरळ सांगते. मोठी मूळ संख्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या दोनशिक्षकी, बहुवर्ग शाळेतही मुलांच्या हातात द्यायला हवी. शिष्यवृत्तीला एखादा प्रश्न येतो, एवढ्यासाठी नाही. "शोधलं पण सापडलं नाही" आणि "नाहीच" या दोन गोष्टींतला फरक मुलाला इथे जितका स्वच्छ कळतो, तितका प्राथमिकच्या दुसऱ्या कुठल्या पाठात कळत असेल असं मला वाटत नाही.

"आधी पाया पक्का करा" हा आक्षेप

हे बोललं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. "मॅडम, पोरांना हातच्याची वजाबाकी येत नाही, आणि तुम्ही एकोणीस अंकी संख्या काढून बसलात?" आक्षेप खोटा नाही. भामरागड-एटापल्लीकडच्या शाळेत पहिलीला येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात. मूल उंदी, रंड, मूंड असं मोजत येतं (उच्चार गावागणिक थोडे बदलतात) आणि शाळेत एक, दोन, तीन ऐकतं. त्यात तेंदूच्या हंगामात हजेरी घसरते, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद. अशा ठिकाणी पायाभूत वाचन आणि गणित हेच मोठं काम आहे, हे मी रोज बघते.

पण पाया म्हणजे काय, हे एकदा नीट ठरवू या. "पाया" या नावाखाली आपण वर्षानुवर्षं त्याच बेरजा, त्याच वजाबाक्या, तेच पाढे देत राहतो. मूल उदाहरण सोडवतं आणि वर बघतं: "मॅडम, बरोबर आहे का?" बरोबर की चूक, हे त्याच्या दृष्टीने मॅडमच्या लाल पेनात असतं. उत्तर बरोबर आहे हे आपलं आपल्याला तपासता येतं, ही गोष्ट पायात धरलीच जात नाही. मग शहरातल्या मुलाला ऑलिम्पियाडचे कोडे आणि आमच्या मुलाला दहावी खेप तीच वजाबाकी, अशी वाटणी आपोआप होते. ही वाटणी मला मान्य नाही.

शिवाय एकोणीस एकांची ही संख्या पायाच्या आड येत नाही, तिच्यातून पायाचाच सराव होतो. कसा, ते बघा.

सत्तर पानांचं पुडकं

सुरुवात ओळखीच्या वस्तूपासून करू. आपल्याकडे तेंदूच्या सत्तर पानांचं एक पुडकं बांधतात. घरातली लहान मुलंसुद्धा आईबरोबर पानं मोजतात. सत्तर ही मोठी सोयीची संख्या आहे. दोन जणांत वाटा, ३५-३५. पाच जणांत १४-१४. सात जणांत १०-१०. १, २, ५, ७, १०, १४, ३५, ७० असे तिचे आठ विभाजक.

आता मुलांना सांगा, पुडक्यात एक पान जास्त घाला. ७१. आता वाटून दाखवा. दोन जणांत जमत नाही, तिघांत नाही, पाचात नाही, सातात नाही. एक पान वाढलं आणि सगळी वाटणी बंद पडली. मूळ संख्येची व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं. पानं नसतील तर खडे घ्या, चिंचोके घ्या. आयताची मांडणी करायला सांगा. ७० चे अनेक आयत होतात. ७१ ची एकच लांब रांग राहते.

इथे एक प्रश्न मुलांना जरूर विचारा: "७१ साठी कुठपर्यंत तपासायचं? सत्तरपर्यंत सगळ्या संख्यांनी भागून बघायचं का?" गरज नाही. दोन संख्यांचा गुणाकार ७१ असेल तर त्यांतली एक तरी ९ पेक्षा लहान असणार, कारण ९ × ९ = ८१ हे ७१ च्या पुढे गेलं. म्हणून २, ३, ५, ७ एवढ्या चारच मूळ संख्यांनी भागून बघितलं की खात्री झाली. चार भागाकारांत "सापडलं नाही"चं "नाहीच" झालं. ही पायरी पुस्तकात बहुतेकदा घाईत उरकली जाते. माझ्या मते सगळा धडा इथेच आहे.

एकांची रांग आणि बांबूची पेरं

आता नुसत्या एकांच्या संख्या घेऊ. ११ मूळ आहे. १११? अंकांची बेरीज ३, म्हणजे ३ ने भाग जातो: ३ × ३७. ११११ = ११ × १०१. १११११ = ४१ × २७१. सहा एक = १११ × १००१.

सहा एक का तुटले, हे मुलांना बांबूवरून दाखवता येतं. सहा पेरांचा बांबू तीन-तीनच्या दोन सारख्या तुकड्यांत कापता येतो, तसेच सहा एक "१११" आणि "१११" असे कापले. दोन्ही तुकड्यांना १११ ने भाग जातो, म्हणजे सगळ्या संख्येला गेला. दोन-दोनचे तीन तुकडे केले तर ११ ने भाग जातो. नियम निघाला: एकांची संख्या सारख्या गटांत कापता येत असेल, म्हणजे ती संयुक्त असेल, तर ती सगळी रांगही संयुक्तच.

इथे हुशार मूल लगेच म्हणतं, "मग एकांची संख्या मूळ असली की रांग पण मूळ!" ऐकायला किती बरोबर वाटतं. पण तीन एक बघा. तीन ही मूळ संख्या, तरी १११ = ३ × ३७. एकाच उदाहरणाने दावा मोडला. पुढेही तेच:

पाच एक = ४१ × २७१
सात एक = २३९ × ४६४९
अकरा एक = २१६४९ × ५१३२३९
तेरा एक = ५३ × ७९ × २६५३७१६५३
सतरा एक = २०७१७२३ × ५३६३२२२३५७

हे गुणाकार मुलांकडून करून घ्या. पायाचा सराव म्हणतात तो हाच! २३९ × ४६४९ हा गुणाकार मूल जीव लावून करतं, कारण शेवटी सात एक ओळीने उभे राहतात. एकही हातचा चुकला तर रांग बिघडते, आणि चूक कुठे झाली हे मूल स्वतः शोधतं. लाल पेन लागत नाही.

सतरा एकांचे दोन अवयव बघा. लहानातला लहान अवयवसुद्धा वीस लाखांच्या वर. कुणी लाखभर संख्यांनी भागून बघितलं असतं आणि "मूळ आहे" म्हणून मोकळं झालं असतं, तर ते साफ चुकलं असतं. पुष्कळ शोधलं म्हणजे सिद्ध झालं, असं होत नाही.

आणि मग येतात एकोणीस एक. तिथे मात्र खरंच काही सापडत नाही.

खात्री करायला लागणारी तेहेतीस वर्षं

७१ साठी चार भागाकार पुरले. एकोणीस एकांना किती लागतील? तिचं वर्गमूळ सुमारे १०५ कोटी ४१ लाख येतं. तिथपर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून बघायचं ठरवलं, सेकंदाला एक भागाकार, झोप नाही, जेवण नाही, उन्हाळी सुट्टी नाही, तर तेहेतीस वर्षांहून जास्त लागतील. पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत हेच करत बसेल.

इथेच विचार कष्ट कसे वाचवतो, ते मुलांना दाखवता येतं. प्रत्येक मूळ संख्येला विचारा: तुझा भाग जायला कमीत कमी किती एक लागतात? (२ आणि ५ यांचा कधीच जात नाही, कारण शेवटी १ आहे.) ३ ला तीन एक लागतात. ७ ला सहा. ११ ला दोन. १३ ला सहा. १७ ला सोळा. ३१ ला पंधरा. ३७ ला तीन. ४१ ला पाच. प्रत्येकाचं आपलं माप ठरलेलं.

आता ४१ चं माप पाच. एकोणीस एकांतून पाच-पाचचे तीन तुकडे बाजूला काढले की चार एक उरतात. ११११ ला ४१ ने भागलं तर बाकी ४. म्हणजे ४१ बाद. ७ आणि १३ चं माप सहा. सहा-सहाचे तीन तुकडे काढले की एकच १ उरतो, म्हणून दोघांचीही बाकी १. ११ चं माप दोन. नऊ जोड्या काढून पुन्हा उरतो १. एकोणीस अंकी भागाकार न करता बाकी तोंडी सांगता आली. तिसरी-चौथीतली पोरंही हे खडे मांडून करतात.

एकोणीस एकांना नेमका भाग जायचा असेल तर भाजकाचं माप एकोणीसमध्ये बरोबर बसायला हवं. एकोणीस स्वतः मूळ, त्यामुळे माप एक किंवा एकोणीस. एक असू शकत नाही, कारण कुठलीच मूळ संख्या १ ला भागत नाही. म्हणून माप एकोणीसच हवं.

आता वरच्या यादीकडे परत बघा. ७ चं माप ६, आणि ७ − १ = ६. १३ चं माप ६, आणि ६ ने १२ ला भाग जातो. ३१ चं १५, ३० ला भाग जातो. ३७ चं ३, ३६ ला जातो. ४१ चं ५, ४० ला जातो. (३ तेवढा अपवाद.) हा योगायोग नव्हे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमातून तो निघतो. तेव्हा एकोणीस एकांना भागणारी मूळ संख्या असलीच तर तिच्यातून १ वजा केल्यावर १९ ने भाग गेला पाहिजे. ती विषम असणार, म्हणून २ नेही जाणार. म्हणजे ३८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या: १९१, २२९, ४१९, ४५७, ५७१ अशा. मधल्या ३९, ७७ वगैरे संयुक्त असल्याने आपोआप गळतात.

संयुक्त संख्या गाळल्या नाहीत तरी काम अडतीस पटींनी कमी झालं. तेहेतीस वर्षांचे साडेदहा महिने झाले. भागाकार तोच, सेकंदाला एकच. फक्त आधी विचार केला.

हीच युक्ती सात एकांवर वापरा. तिथे १४ च्या पाढ्यात १ मिळवायचा. २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. आठव्या भागाकाराला उत्तर हातात. सातवीच्या वर्गात एका तासात होणारं काम आहे.

एकोणीस एकांची संख्या मूळ आहे हे न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवलं. तेव्हा संगणक नव्हते. पुढे तेवीस एकांची संख्याही मूळ निघाली. त्यानंतर थेट ३१७ एकांची, आणि मग १०३१ एकांची. मधल्या सगळ्या रांगा तुटतात. अशा मूळ रांगा कधी संपतात की संपतच नाहीत, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. मुलांना हे मुद्दाम सांगा. पुस्तकातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं शेवटच्या पानावर असतात, असा त्यांचा समज असतो.

या संख्येचा आणखी एक गुण सांगते. १ ला तिने भागलं तर दशांश चिन्हापुढे अठरा शून्यं आणि मग ९ येतो, आणि हाच एकोणीस अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत राहतो. जसं १ ÷ ११ = ०.०९०९०९… बरोबर एकोणीस अंकांची आवर्ती लांबी असणारी मूळ संख्या ही एकच. दुसरी नाही.

परार्धाच्या पुढे एक पाऊल

ही संख्या वाचायची कशी, हा प्रश्न मुलं विचारतातच. एक, दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी, दहा कोटी, अब्ज इथपर्यंत आपण येतो. पुढची नावं भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त आहेत: खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही एकूण अठरा स्थानं झाली. आपली संख्या एकोणीस अंकी. म्हणजे तिचा पहिला १ परार्धाच्याही एक घर पुढे बसतो. तिथे यादी संपते. "मॅडम, या घराला नाव नाही?" असं मुलांनी विचारलं तर त्यांनाच ठेवू द्या. स्थानिक किंमत शिकवण्याची यापेक्षा चांगली संधी मला माहीत नाही. आणि मूल गोंडीत नाव सुचवत असेल तर फळ्यावर तेही लिहा. संख्या मराठीची नाही आणि इंग्रजीचीही नाही; उंदी म्हणा की एक म्हणा, ती मूळच राहते.

देवळालीचे मास्तर

"हे सगळं प्राध्यापकांचं काम, आपण डीएडवाले" असं म्हणणाऱ्यांना मी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं नाव सांगते. जन्म १९०५ साली डहाणूचा, नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आपल्यापैकी अनेकांनी वर्गात करून घेतला असेल. त्यांनी एकांच्या रांगांशीही खेळ केला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो हे रेल्वे स्थानकाचं नाव, आजचं डोंबिवली. तिथे गाडीची वाट बघताना ही कल्पना सुचली म्हणून.

कापरेकरांजवळ विद्यापीठ नव्हतं. वही, पेन्सिल आणि शाळा होती. जगाने त्यांची दखल घेतली ती १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तोवर ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याजवळ जे सामान होतं ते धानोरा, सिरोंचा, जिवती इथल्या कुठल्याही शाळेत आज आहे.

आता जगातली मोठ्यात मोठी मूळ संख्या बघा. मी हे लिहितेय तोवर माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. १३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती शोधायला जगभरातले संगणक कामाला लागले होते. पण संगणकाच्या दोन अंकी पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ती लिहिली तर काय दिसतं? नुसते एक! १३ कोटींहून जास्त एक, ओळीने. तिथेही बांबूचा तोच नियम: एकांची संख्या मूळ असावी लागते, पण तेवढ्याने भागत नाही. दोन अंकी पद्धतीतले अकरा एक म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. आपल्या पाटीवरचा खेळ आणि जगातलं सर्वांत मोठं मूळ-संख्येचं शोधकाम एकाच जातीचं आहे.

बहुमताने ठरत नाही

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल आपण सगळ्यांनी वाचलं आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा आक्षेप असेल तर तो ऐकून, सोडवून मगच पुढे जायचं.

गणितात याहून कडक रीत आहे. वर्गातल्या तीस मुलांपैकी एकोणतीस जणांनी हात वर केला की "एकांची संख्या मूळ असली की रांग मूळच", आणि एका मुलीने उठून "पण १११ ला ३ ने भाग जातो" म्हटलं, तर एकोणतीस हात खाली. ती मुलगी वर्गात सगळ्यांत गप्प बसणारी असो, मराठी अडखळत बोलणारी असो. तिचं उदाहरण बरोबर असेल तर मॅडमचंही चालत नाही. मुलाला एवढी ताकद देणारा दुसरा विषय मला शाळेत दिसत नाही.

पालकांनो, याचा शाळेबाहेर काय उपयोग, असं विचाराल. तेंदूच्या फळीवर पुडकी मोजली जातात, धान विकायला नेलं की वजन होतं, रोजगार हमीच्या हजेरीपटावर दिवस लिहिले जातात. समोरचा एक आकडा सांगतो. तो आकडा बरोबरही असेल. पण तुमच्या मुलीने शांतपणे "कशावरून?" विचारावं आणि स्वतः मोजून बघावं, असं तुम्हाला वाटतं ना? ही सवय एकदम मोठेपणी येत नाही. ती ७० आणि ७१ पानांपासून लागते.

वर्गात काय करता येईल

पहिली-दुसरी: खडे, चिंचोके यांचे आयत. कुठल्या संख्येचा आयत होतो, कुठलीची नुसती रांग राहते. "मूळ संख्या" हा शब्द आत्ता नको.

तिसरी-चौथी: एकांच्या रांगांना ३ आणि ११ यांच्या कसोट्या लावणं. रांग कापून बाकी तोंडी सांगणं. अब्जाच्या पुढची नावं भिंतीवर लावणं.

पाचवी: शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्या पाठ करून न घेता चाळणीने काढणं, आणि "कुठपर्यंत तपासायचं?" याचं कारण मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगणं. ४१ × २७१ आणि २३९ × ४६४९ हे गुणाकार.

सहावी-सातवी: प्रत्येक मूळ संख्येचं "माप" शोधून तक्ता करणं. मापाचा आणि एक कमी केलेल्या संख्येचा संबंध मुलांना दिसतो का, ते बघा. आपण आधी सांगू नका.

याला साहित्य काही लागत नाही. वेळ लागतो, आणि तो परिपाठानंतरचा किंवा शनिवारचा अर्धा तास पुरतो. पाठ्यक्रम मागे पडत नाही. विभाज्यता, गुणाकार, भागाकार, स्थानिक किंमत या घटकांचा सराव यातच होतो.

शेवटी एक गृहपाठ तुम्हा शिक्षकांना आणि पालकांना. तेवीस एकांची संख्या मूळ आहे, असं मी वर लिहिलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तिला भागणारी मूळ संख्या असलीच तर ती कुठल्या पाढ्यात १ मिळवून येईल, आणि अशा पहिल्या चार मूळ संख्या कुठल्या, हे मुलांबरोबर बसून काढा. मग एकेकीने भागून बघा.